घोंगडीखालची हवा

बारामतीच्या स्टँडवर मी वडगाव निंबाळकरच्या गाडीची वाट पाहत उभी होते, तेव्हा मागून हाक आली, "बाई... ओ बाई!" वळून पाहिलं तर बशीरभाई. खांद्याला बांगड्यांची तीच लाकडी पेटी, डोक्यावर कडेला उसवलेली तीच टोपी. इंदापूरहून माझी बदली होऊन वर्ष उलटून गेलं होतं, आणि जुन्या वाटेवरचं माणूस असं अवचित भेटल्याचा मला इतका आनंद झाला की मी आधी माझंच पुराण लावलं. नवी शाळा कशी, पोरं कशी, रोजची गाडी कशी उशिरा येते. बशीरभाईंनी सगळं निमूट ऐकून घेतलं. मग पेटी खाली ठेवली आणि म्हणाले, "तुमाला कळलं न्हाय वाटतं. सोपानतात्या गेलं, बाई." मी विचारलं, कधी? तर म्हणाले, "झालं की... दिवस बी झालं." माझी गाडी लागली, भरली, निघून गेली. मी तिथेच उभी होते. खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही. आधी लाज वाटली. एक गोष्ट त्यांना सांगायची होती, ती सांगायला अख्खा जन्म पडलाय असं मी समजून बसले होते, आणि आता तो माणूसच राहिला नव्हता.

सोपानतात्या म्हणजे आमची 'जोडवी' चालवणारे. इंदापूर तालुक्याच्या कडेला उजनी धरणाचं पाणी पसरलं आहे, आणि त्याच्या अलीकडच्या गावांतून पलीकडच्या गावांत जायचं तर एसटीनं अख्खा वळसा घालावा लागतो. नव्वदीच्या सुरुवातीला माझी नेमणूक पलीकडच्या शाळेत झाली तेव्हा त्या पाण्यावर लहान होड्या चालायच्या. एकीत पाय ठेवला की ती अशी डुलायची की बायका डोळे मिटून देवाचं नाव घ्यायच्या. तात्यांचं घराणं मेंढरं राखणारं. चराईचं रान पाण्याखाली गेलं, कळप घटत घटत चार शेळ्यांवर आला, आणि ज्या पाण्यानं रान नेलं त्याच पाण्यावर तात्यांनी लाँच आणली. "मेंढरं गेली, म्हटलं मान्सं हाकू," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

ही लाँच त्यांनी बांधून घेतली ती हायवेवरच्या एका ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून. त्या गड्यानं आयुष्यात उसाच्या ट्रॉलीशिवाय दुसरं काही बनवलं नव्हतं. त्यामुळे लाँचला मागे ट्रॉलीसारखंच उघडझाक होणारं फाळकं, फाळक्याला साखळी, आणि पेंटरनं सवयीनं लिहिलेलं 'हॉर्न ओके प्लीज'. हॉर्न नव्हताच. इंजिन विहिरीवरच्या पंपाचं, हँडल मारून चालू करायचं. पण खरी गंमत खाली होती. एकाच्या जागी पत्र्याची दोन लांबट पोटं, मध्ये रिकामं पाणी, आणि दोघांवर मिळून फळ्यांचा पाट. ती लाटेवर डुलायची नाही, घरातल्या पाटासारखी बसायची. दोन पोटं कशाला, असं विचारलं तर तात्या म्हणायचे, "येक गळलं तर दुसरं हाय की." पहिल्याच आठवड्यात एका बाईनं तिला जोडवी म्हटलं, पायात घालायची दोन जोडवी असतात ना, तशी. नाव चिकटलं ते चिकटलंच. सकाळी धक्क्यावर कुणी कुणाला विचारलं की कशानं चाललात, तर उत्तर यायचं, जोडवीनं.

रोजचं गिऱ्हाईक ठरलेलं. आम्ही शिक्षक, दुधाच्या कॅना घेऊन येणारे, कॉलेजला येणारी-जाणारी मुलं, तहसीलला खेटे घालणारे, आणि पलीकडच्या गावांत बांगड्या भरायला जाणारे बशीरभाई. डाव्या बाजूला बायका, उजवीकडे पुरुष. तात्या फळीपाशी काठी घेऊन उभे राहायचे आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीला ती काठी हलकेच टेकवायचे, कुंपणाच्या वाडग्यात मेंढरं घेताना टेकवतात तशी. मुख्याध्यापक असो, तलाठी असो, काठी चुकायची नाही. "सरका, म्होरं सरका, खोळंबा करू नगा." सुरुवातीला मला राग यायचा. पुढे एकदा माझ्या पाठीला ती काठी लागायची राहिली, तर दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आणि त्यांची घोंगडी. काळी, जाड, लाल फेट्यावरून खोळ करून पांघरलेली, चैत्रातल्या उन्हातसुद्धा. आतला माणूस ऐसपैस दिसायचा, छाती-पोट भरलेलं, एखाद्या जुन्या पैलवानासारखं. आम्ही चेष्टा करायचो, "तात्या, उकडत न्हाय का?" तर म्हणायचे, "लोकर हाय बाई. ऊन बी आडवती न् वारं बी." त्यांना जमिनीवर घोंगडीविना पाहिलेलं आमच्यापैकी कुणी नव्हतं. ते आमच्या आधी येऊन बसलेले असायचे, आणि आम्ही पांगलो की मग वस्तीवर जायचे. आम्हाला वाटायचं, असा आडदांड माणूस सुकाणूला आहे, आपल्याला काय काळजी! किती वर्षं आम्ही त्या भरवशावर पाणी ओलांडलं.

त्या दिवशी मी बशीरभाईंकडून बांगड्या भरून घेत होते. शाळेत बायकांचं हळदीकुंकू होतं, आणि उतरल्यावर वेळ मिळाला नसता. हिरव्या काचेच्या चार चढल्या होत्या, पाचवी अडकली होती, आणि बशीरभाई काहीतरी बोलले म्हणून मी मोठ्यानं हसत होते. पाणी निम्मं ओलांडून झालं होतं. तेवढ्यात दुधाच्या कॅनांच्या मागून माझे चुलत सासरे, आबा, उठून उभे राहिले. ते जोडवीत आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. सासऱ्यांसमोर सून पायावर पाय टाकून, हात दुसऱ्याच्या हातात देऊन खदाखदा हसते आहे... मी झटक्यात उठले, पदर डोक्यावरून ओढला, आणि मान राखायला म्हणून दोन पावलं मागे सरले. मागे फाळकं होतं. साखळी कुणीतरी लावायची विसरलं होतं. मान राखता राखता मी थेट पाण्यात गेले!

पाण्याखालचं मला फारसं आठवत नाही. नाकातोंडात गेलेलं गार पाणी, पायांना गुंडाळलेलं लुगडं, आणि वर आले तेव्हा लांब गेलेली जोडवी. तिच्या कडेला ओळीनं उभी असलेली माणसं दिसली. सगळी ओरडत होती. उडी कुणीच टाकली नव्हती. इंजिन बंद पडल्याचं ऐकू आलं, आणि मग माझ्या तोंडापुढे काहीतरी काळं, गोल येऊन आपटलं. ट्यूब होती. जीपच्या चाकाची, फुगवलेली. तिला लाल फेट्याचं एक टोक बांधलेलं होतं. मी तिला मिठी मारली, आणि वरच्यांनी फेटा ओढत मला जोडवीपर्यंत नेलं.

वर काढलं तेव्हा मी पुरती भानावर होते, हेच वाईट झालं. बुडून बेशुद्ध पडले असते तर बरं, असं त्या क्षणी वाटलं. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, पदराचा पत्ता नाही, केस मोकळे, आणि समोर आबा, दूधवाले, कॉलेजची मुलं, दोन्ही काठांवरच्या गावांतले सगळे पुरुष. मी अंगाचं मुटकुळं करून फळ्यांवर बसले. कुठं बघावं कळेना. इतक्यात माझ्या अंगावर काहीतरी जड, उबदार, मेंढरांच्या वासाचं येऊन पडलं. मी त्यात डोक्यासकट शिरले. घोंगडी होती.

आतून मी ऐकलं, सगळं गप्प झालं. घोंगडीच्या फटीतून पाहिलं तर इंजिनजवळच्या लोखंडी पाइपाला दोन्ही हातांनी घट्ट धरून एक म्हातारा उभा होता. बरगड्या मोजाव्यात असा, फाटक्या बनियनमध्ये, बोडक्या डोक्याचा. मी त्यांना ओळखलंच नाही. ते तात्या होते. ऐसपैस छाती, पोट, सगळं त्या ट्यूबचं होतं. ती काखेखाली घालून, वर घोंगडी पांघरून, तो माणूस रोज पाण्यावर यायचा. आता ट्यूब माझ्याकडे होती, घोंगडी माझ्याकडे होती, फेटा पाण्यात भिजून पडला होता, आणि तात्या पाइप सोडत नव्हते.

"तात्या, तुमाला पवता येत न्हाय?" आबांनीच विचारलं.

आबा हसले. मग कॉलेजची मुलं हसली, दूधवाले हसले, बायकांनी पदर तोंडाला लावले. वाईट माणसं नव्हती ती. भीती ओसरली की माणूस हसतो, तसं ते हसणं होतं. पण थांबेना. कुणीतरी म्हणालं, "नावाडी हवंवर चालतोय की रं!" मी हसले नाही, हे खरं. पण जे झालं ते याहून लाजिरवाणं आहे. सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून उठून तात्यांकडे गेल्या, आणि घोंगडीच्या आत मला हायसं वाटलं. सुटले, असं वाटलं. माझी लाज झाकायला त्यांनी स्वतःची उघडी केली होती, हे मला नंतर रात्री सुचलं. त्या क्षणी मी फक्त सुटले होते.

घोंगडी धुऊन, वाळवून मी दोन दिवसांनी परत नेली. तात्यांनी हात पुढे केला नाही. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," म्हणाले. "आता काय झाकायचंय?" त्या दिवसापासून ते बनियनवर साधा सदरा घालून बसू लागले, एका हातात सुकाणू, दुसऱ्यानं पाइप धरलेला. काठी टेकवणं बंद झालं. आणि लोकांना सकाळचा विनोद मिळाला. जो तो चढताना म्हणायचा, "तात्या, हवा बघितली का?" तात्या पाण्याकडे बघत राहायचे. लोक बसायचे मात्र जोडवीतच, दुसरं होतं काय?

माझ्या मनातून ते जाईना. एक दिवस मी बायकांच्या बाजूला बसून सहज विचारलं, पोहता कुणाकुणाला येतं? कुणालाच नाही. पुरुषांकडे विचारलं, तर तिकडेही कुणी छातीठोक बोलेना. ऊस आणि मेंढरांची माणसं सगळी, विहिरीत उतरायची ती सुद्धा दोर धरून. म्हणजे ज्या माणसाला आम्ही हसत होतो तो आमच्यातलाच एक होता. फरक एवढाच की त्याच्याकडे एक ट्यूब होती आणि ती त्यानं मला दिली होती. हे मी बोलून दाखवलं तेव्हा माना खाली गेल्या. खरंच गेल्या, आबांचीही. मग बशीरभाई म्हणाले, त्यांच्या भावाचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे, तिथं जुन्या, ठिगळ लावलेल्या ट्यूबा पडून असतात. आणि मला कल्पना सुचली. माझीच कल्पना. ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

दसऱ्याला जशा गाड्या धुऊन, झेंडू बांधून पूजतात तशी तात्या जोडवी पूजायचे. ठरलं असं की त्या सकाळी आपण लवकर जायचं, प्रत्येकानं एक ट्यूब आणायची, जोडवी सजवायची, आणि तात्या आले की सगळ्यांनी आपापली ट्यूब गळ्यात घालून बसायचं. तात्या, आम्हीही तुमच्यासारखेच, एवढंच सांगायचं होतं. सगळे आले. मोटरसायकलच्या, जीपच्या, ट्रॅक्टरच्या ट्यूबा. हातात धरून अवघडायला होत होतं म्हणून कुणीतरी त्या एका दोरीत ओवल्या, मध्ये मध्ये झेंडू घातला, आणि जोडवीच्या तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधल्या. मला ते इतकं सुरेख दिसलं! तात्या येईपर्यंत तसंच असू दे, असं मीच म्हणाले. सगळे खुशीत होते, हसत होते.

तात्या नवं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन उतार उतरून आले. आणि थांबले. त्यांनी तो हार पाहिला, मग आमचे हसरे चेहरे पाहिले. मला तेव्हा एकदम कळलं त्यांना काय दिसतंय ते. गावात कुणाची अब्रू काढायची तर चपलांचा हार घालतात. त्यांच्या लाजेचा आम्ही हार केला होता, वर झेंडू लावून, सणाच्या दिवशी, साऱ्या गावादेखत. मी ओरडले, "तात्या, तसं नाही हो..." पण माझं ओरडणंही त्या हसण्यातच मिसळून गेलं असणार. त्यांनी नारळ खाली मातीत ठेवला. इंजिनचं हँडल कमरेला खोचलेलं होतं, ते काढून पुतण्याच्या, नामदेवच्या, हातात दिलं. मी उतरून त्यांच्यामागे धावले. ते वळले, आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "तुमी बी व्हय, बाई?"

त्यानंतर तात्यांनी जोडवीवर पाय ठेवला नाही. बशीरभाई समजूत घालायला गेले, तर तात्या शेळ्या घेऊन रानात. मी एकदा वस्तीवर गेले, तर त्यांच्या बायकोनं, पारूकाकींनी, ते घरात नाहीत असं सांगितलं, आणि आत खोकल्याचा आवाज येत होता. पुन्हा जायला मला तोंड नव्हतं. बघू, राग निवळेल, मग सांगू... असं करत वर्षं गेली. नामदेव जोडवी चालवायला लागला. ट्यूबा तशाच कठड्याला टांगलेल्या राहिल्या. नवे लोक म्हणायचे, बघा, किती चांगली सोय केली आहे! मी ते ऐकून खाली बघायचे.

तात्या मला दिसायचे. रोज सकाळी जोडवी सुटायच्या वेळी धक्क्याच्या वरच्या अंगाला एका बाभळीखाली ते बसलेले असायचे, आसपास शेळ्या. मी त्यांच्याकडे बघायचे नाही. त्यांना अवघडायला नको, असं मी मनाला सांगायचे, पण खरं म्हणजे मलाच त्यांची नजर सोसवली नसती. धक्क्यावर आले की मी मान फिरवून पाण्याकडे बघत चढायचे. बदली होईपर्यंत रोज हेच. माझ्या मनात पक्कं होतं की ते तिथं शेळ्या चारायला बसतात आणि मला बघून त्यांचं तोंड कडू होतं.

बशीरभाई भेटले त्याच्या पुढच्या रविवारी मी घोंगडी पिशवीत घालून वस्तीवर गेले. पारूकाकी ओट्यावर बसल्या होत्या. मी घोंगडी पुढे ठेवली. काकींनी ती मांडीवर घेतली, हुंगली आणि म्हणाल्या, "तुमी लई धुतली वो. वास गेला समदा." मग मला राहवेना. दसऱ्याचं सगळं मी त्यांच्यापुढे ओकून टाकलं, हाराचं, कल्पना माझी होती त्याचं, आम्हाला काय म्हणायचं होतं त्याचं. त्यांनी ऐकलं. मी विचारलं, "काकी, त्यांना कधी कळलं होतं का हो, की आमच्या मनात तसं नव्हतं?"

"त्ये मला म्हायती न्हाय," काकी म्हणाल्या. "त्या दिसाचं कधी बोललं न्हाईत. म्या बी इचारलं न्हाय."

त्यांनी घोंगडीची घडी घातली. मग त्या उठल्या आणि मला आत घेऊन गेल्या. दारामागच्या खुंटीला ती ट्यूब होती, जीपची, तीच. फेट्याचा लाल तुकडा अजून तिला बांधलेला.

"सकाळच्याला ही काखंत मारून बाभळीखाली जायचं," त्या म्हणाल्या. "तुमची जोडवी पल्याड टेकली की माघारी यायचं. म्या म्हनायची, आता तुमचा काय संबंद? तर म्हनायचं, त्या बाईला मागं सरायची खोड हाय. पडली परत, तर?"

"माझ्या बदलीनंतर?" मी विचारलं.

"तुमची बदली झाली म्हनून कळलं, तरी दर बाजारला सायकलच्या दुकानात जाऊन हवा भरून आनायचं. म्हनायचं, बदली काय, परत बी व्हती."

इतकी वर्षं मी ज्याच्याकडे पाठ फिरवून पाण्यावर जात होते, तो माझ्या पाठीवर लक्ष ठेवून बसला होता. एकदा, नुसती एकदा मान वळवून पाहिलं असतं तर मांडीवरची ट्यूब दिसली असती... मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. त्या ओल्या लुगड्यातसुद्धा नाही.

काकी म्हणाल्या, "खुटी अडून बसलीया. हवा सोडून घडी घालावी म्हनते, पर हात धजत न्हाय. तुमी सोडता का?"

मी पुढे होऊन ट्यूबवर अंगठा दाबला. ती अजून कडक होती. मीही हवा सोडली नाही.